पाच, पण कशाचे?

गेल्या पावसाळ्यात आमच्या केंद्राच्या शिक्षण परिषदेत पाऊण तास एकच वाद चालला. भिन्न छेदांच्या अपूर्णांकांची बेरीज मुलांना कशी शिकवायची? छेदांचा लसावि, म्हणजे दोन्ही छेदांनी भाग जाणारी सर्वांत लहान संख्या काढून, की तिरकस गुणाकाराने, म्हणजे एकाचा अंश आणि छेद दुसऱ्याच्या छेदाने गुणून? एका बाजूला जुने, अनुभवी शिक्षक होते. लसावि म्हणजे गणिताची शिस्त आणि तिरकस गुणाकार ही क्लासवाल्यांची पळवाट, असे त्यांचे म्हणणे. दुसऱ्या बाजूला शिष्यवृत्तीच्या मुलांची तयारी करून घेणारे शिक्षक होते. मूल दहा सेकंदांत बरोबर उत्तर काढत असेल तर त्याला पायऱ्या का चढायला लावता, असा त्यांचा सवाल. मधेच एका तरुण सहकाऱ्याने विचारले, हे सगळे दशांशात होते, मोबाइलवरही होते, मग एवढा वेळ यावर घालवायचाच कशाला? त्यावर दोन्ही बाजू मिळून त्याच्यावर तुटून पडल्या. या पाऊण तासात एकानेही विचारले नाही की छेद सारखे करायचेच का असतात. मीही विचारले नाही. तो प्रश्न घरी येताना एसटीत सुचला आणि तेव्हापासून सुटलेला नाही.

माझे म्हणणे आधीच सांगतो. लसावि की तिरकस हा दुसऱ्या टप्प्यावरचा वाद आहे. पहिला टप्पा असा की छेद हे मापाचे नाव आहे, आणि वेगवेगळ्या मापांत मोजलेल्या वस्तूंची बेरीज माप एक केल्याशिवाय होत नाही. हा टप्पा आपल्या वर्गांतून जवळजवळ गळून पडला आहे. तो परत येत नाही तोवर कुठलीही पद्धत शिकवा, मूल आकड्यांची हलवाहलव शिकेल, बेरीज शिकणार नाही. पहिला टप्पा पक्का झाला की मात्र दोन्ही पद्धती शिकवाव्यात, मोकळ्या मनाने.

तीन आणे आणि दोन पैसे मिळून किती? पाच. पण पाच कशाचे? पाच आणे नाहीत, पाच पैसेही नाहीत. आण्याचे चार पैसे होतात हे माहीत असलेला माणूस तीन आण्यांचे बारा पैसे करील आणि चौदा पैसे म्हणेल. भिन्न छेदांच्या बेरजेत याहून जास्त काहीही नाही. तिथे आणा आणि पैसा असतो, इथे तृतीयांश आणि चतुर्थांश असतात, एवढाच फरक.

आता एक उलटा प्रकार बघा. दुकानातून अर्धा किलो साखर आणि पाव किलो शेंगदाणे घेऊन आलेल्या दहा वर्षांच्या मुलीला विचारा, पिशवीत एकूण किती वजन आहे? ती पिशवी खाली न ठेवताच सांगेल, पाऊण किलो. तिच्याच हातात खडू द्या आणि फळ्यावर १/२ + १/४ लिहा. ती २/६ लिहिण्याची दाट शक्यता आहे. अंशात अंश मिळवला, छेदात छेद मिळवला. २/६ म्हणजे एक तृतीयांश, अर्ध्याहून कमी. अर्ध्यात भर घातली आणि अर्ध्याहून कमी झाले, हे तिला खटकत नाही. का खटकत नाही? तिला बेरीज येत नाही म्हणून नाही, ती तर आत्ताच तोंडी करून दाखवली. फळ्यावरचे १/४ आणि पिशवीतले पाव ही एकच गोष्ट आहे, हे तिला कोणी सांगितलेले नाही. मराठीने तिला पाव, अर्धा, पाऊण, सव्वा, दीड, अडीच हे शब्द बोलायला लागल्यापासून दिले आहेत. पाऊण हा शब्द मुळात पाद आणि ऊन यांपासून बनला आहे, म्हणजे एक चतुर्थांश कमी. एवढी वजाबाकी पोटात घेऊन फिरणारे शब्द रोज वापरणारे मूल अपूर्णांकात कच्चे राहते, तेव्हा दोष मुलात शोधू नये.

आणि २/६ लिहिणाऱ्या मुलीची बाजू आपल्याला वाटते त्याहून भक्कम आहे. तिची चाचणीची वही उघडून पाहा. पहिल्या चाचणीवर शिक्षकांनीच लाल शाईने लिहिले आहे १५/२०. दुसरीवर १२/३०. एकूण किती? २७/५०. अंशात अंश, छेदात छेद, आणि उत्तर अगदी बरोबर! हेच आकडे अपूर्णांक म्हणून मिळवले तर ३/४ आणि २/५ यांची बेरीज २३/२० येते, म्हणजे एकाहून जास्त. कुठल्याही प्रगतिपुस्तकात पैकीच्या पैकीपेक्षा जास्त गुण नसतात. म्हणजे एकच चिन्ह, एकच आडवी किंवा तिरकी रेघ, सकाळी एका अर्थाने वापरली जाते आणि दुपारी दुसऱ्या, आणि दोन्ही अर्थ वापरणारा माणूस एकच असतो, तो म्हणजे तिचा शिक्षक. गुणांच्या बेरजेत प्रत्येक वेळी 'पूर्ण' बदलतो. आधी वीस होता, मग तीस, शेवटी पन्नास. अपूर्णांकांच्या बेरजेत 'पूर्ण' हलत नाही. अर्धा किलोही एका किलोचा आणि पाव किलोही त्याच एका किलोचा. हा फरक अख्ख्या धड्यातला सर्वांत महत्त्वाचा फरक आहे आणि तो मी स्वतः पहिली अनेक वर्षे वर्गात उच्चारलासुद्धा नाही. 'छेद मिळवायचे नसतात' एवढेच सांगत राहिलो. का नसतात हे न सांगता नुसते नसतात म्हटले की तो नियम राहत नाही, हुकूम होतो, आणि हुकूम परीक्षेच्या दुसऱ्या दिवशी विसरला जातो. खेड्यातल्या मुलाला तर आणखी एक रेघ रोज ऐकू येते. ७/१२. सातबारा हा अपूर्णांक नव्हे. गाव नमुना सात आणि गाव नमुना बारा असे दोन कागद त्या रेघेने जोडले आहेत. रेघेचे इतके अर्थ भोवती असताना आपल्या रेघेचा अर्थ कोणता, हे सांगण्यासाठी एक संपूर्ण तासिका राखून ठेवणे ही चैन म्हणता येईल का?

तिरकस गुणाकाराच्या बाजूने जे बोलले जाते ते मी हलक्यात घेत नाही. पहिली गोष्ट, ती पद्धत खरी आहे. ती कधीही चुकीचे उत्तर देत नाही. दुसरी गोष्ट, शिष्यवृत्तीच्या पेपरात दीड तासात पंचाहत्तर प्रश्न असतात. जिल्हा परिषदेच्या शाळेतल्या ज्या मुलाच्या घरात अभ्यासाला वेगळी खोली नाही, त्याला त्या यादीत नाव आल्याने जी उभारी मिळते तिची किंमत शहरातल्या माणसाला सहज कळणार नाही. अशा मुलाच्या हातातले वेगाचे साधन काढून घेऊन 'आधी अर्थ समज' असे उपदेश करणे मला क्रूर वाटते. तिसरी गोष्ट तर लसाविवाल्यांनी शांतपणे ऐकावी अशी आहे. ही पळवाट क्लासवाल्यांनी काढलेली नाही. भास्कराचार्यांनी सुमारे ११५० साली 'लीलावती'त समच्छेदाचा, म्हणजे छेद सारखे करण्याचा, जो नियम दिला तो 'अन्योन्यहाराभिहतौ हरांशौ' या शब्दांनीच सुरू होतो. एकाचा अंश आणि छेद दुसऱ्याच्या छेदाने गुणायचा आणि दुसऱ्याचा पहिल्याच्या. हाच तिरकस गुणाकार.

पण तो श्लोक तिथे संपत नाही. पुढच्याच अर्ध्या ओळीत भास्कराचार्य म्हणतात की किंवा, दोन्ही छेदांना सामाईक भाजकाने भागून जे उरते त्याने गुणावे. हाच लसाविचा रस्ता, आणि तिथे त्यांनी 'सुधिया' असा शब्द घातला आहे, म्हणजे बुद्धिमान माणसाने. ज्या दोन पद्धतींवरून आमच्या परिषदेत आवाज चढले त्या दोन्ही पद्धती आठशे सत्तर वर्षांपूर्वी एकाच श्लोकाच्या दोन अर्ध्या भागांत शेजारी शेजारी नांदत होत्या. श्लोकानंतरचे उदाहरणही मुद्दाम निवडलेले आहे. १/१४ मधून १/६३ वजा करा. तिरकस गुणले तर छेद ८८२ होतो, वर ६३ वजा १४ म्हणजे ४९, आणि मग ४९/८८२ला संक्षेप देत बसावे लागते. चौदा आणि त्रेसष्ट दोघांनाही सातने भाग जातो हे आधी दिसले तर छेद १२६, वर ९ वजा २ म्हणजे ७, आणि ७/१२६ म्हणजे १/१८. दोन्हीकडून उत्तर एकच. पहिल्या रस्त्याने कुणीही जावे, ज्याची नजर तयार आहे त्याने दुसरा धरावा, एवढी साधी समजूत त्या रचनेत आहे. त्याआधी नवव्या शतकात, राष्ट्रकूट राजा अमोघवर्षाच्या काळात, महावीराचार्यांनी लसाविला 'निरुद्ध' असे नावही दिले होते. म्हणजे परंपरेचा हवाला द्यायचाच असेल तर दोन्ही बाजूंना सारखाच मिळतो आणि वाद जिथल्या तिथे राहतो.

यावर कोणी म्हणेल, भास्कराचार्यांनीही नियमच दिला ना, कारण कुठे दिले? हा आक्षेप खरा आहे. पण श्लोक हा पाठ करून बरोबर न्यायचा ऐवज होता. तो उलगडायला समोर गुरू बसलेला असे. चाळीसगावजवळ पाटण इथे भास्कराचार्यांच्या नातवाने, चांगदेवाने, आजोबांच्या ग्रंथांच्या अध्ययनासाठी मठ स्थापन केल्याचे सांगणारा शके ११२८चा शिलालेख आहे. नियम नुसता वाचून भागत असते तर त्यासाठी मठ उभा करावा लागला नसता. पुढे कोकणातल्या नांदगावच्या गणेश दैवज्ञांनी १५४५ साली 'लीलावती'वर 'बुद्धिविलासिनी' ही टीका लिहिली, ती नियमांच्या उपपत्तींसाठी ओळखली जाते. उपपत्ती म्हणजे हे असे का, याचे उत्तर. नियम आणि उपपत्ती अशी जोडी आपल्या मातीत होती. आपण नियम ठेवला आणि उपपत्ती टाकली.

लसाविच्या बाजूने सर्वांत बळकट मुद्दा असा की आकडे लहान राहतात आणि पुढे बीजगणितात, पदावल्यांचे छेद सारखे करताना, तीच सवय कामी येते. हे मला पूर्ण मान्य आहे. मला मान्य नाही ती त्यातून जन्मलेली समजूत, की लसावि हीच बरोबर पद्धत आणि बाकी चूक. उत्तर बरोबर असूनही लसावि काढला नाही म्हणून अर्धा गुण कापलेल्या वह्या मी पाहिल्या आहेत. हा गुण कोणत्या चुकीसाठी कापला? कोणताही सामाईक छेद चालतो. सर्वांत लहान असेल तर श्रम वाचतात, एवढेच. जुन्या सोनाराच्या तराजूजवळ जाऊन पाहू. एक तोळा म्हणजे बारा मासे, एक मासा म्हणजे आठ गुंजा, म्हणून तोळ्याच्या शहाण्णव गुंजा. ३/८ तोळा आणि ५/१२ तोळा सोने एकत्र केले तर किती? सोनार म्हणेल, छत्तीस गुंजा आणि चाळीस गुंजा, शहात्तर गुंजा. आठ आणि बारा यांचा लसावि चोवीस आहे, पण सोनाराने तो शोधलाच नाही. तिरकस गुणाकाराने छेद किती येतो? आठ बारे शहाण्णव. सोनाराच्या गुंजा आणि आपल्या तिरकस गुणाकाराचा छेद इथे नेमका एकच आहे. आणि ज्याला लहान आकडे हवेत त्याने माशांत मोजावे. साडेचार मासे आणि पाच मासे, साडेनऊ मासे. यांपैकी कोणाचा अर्धा गुण कापायचा?

मला या उदाहरणात आणखी एक गोष्ट दिसते. आणे, पै, मासे, गुंजा, छटाक, गुंठे ही मापे म्हणजे समाजाने पिढ्यान्‌पिढ्या आधीच करून ठेवलेले समच्छेद होते. पाव एकर आणि एक पंचमांश एकर असे दोन तुकडे एकत्र करायला शेतकऱ्याला पाच आणि चार यांचा लसावि लागत नाही. दहा गुंठे आणि आठ गुंठे, अठरा गुंठे. एकराचे चाळीस गुंठे हे त्याला ठाऊक असते. बाबिलोनी लोकांनी साठचा आकडा धरून ठेवला आणि आपल्या घड्याळात तो अजून चालतो आहे. ज्यांना एक सामाईक माप धरता आले नाही त्यांना काय कष्ट पडले तेही इतिहासात आहे. प्राचीन इजिप्तच्या लेखनिकांचे अपूर्णांक, दोन तृतीयांशासारखा अपवाद सोडला तर, अंशात एक असलेलेच असत. त्यामुळे २/५ सुद्धा त्यांना १/३ + १/१५ असे लिहावे लागे. ख्रिस्तपूर्व सोळाव्या शतकाच्या आसपासच्या, आज ऱ्हाइंड पपायरस म्हणून ओळखल्या जाणाऱ्या गुंडाळीत अशा फोडींचे भले मोठे कोष्टकच दिले आहे. पिरॅमिड बांधणाऱ्या संस्कृतीला जे जड गेले ते पाचवीतल्या मुलाला एका आठवड्यात यावे, नाही आले तर ते 'ढ', हा हिशेब मला पटत नाही.

पाठांतराच्या बाजूचा मुद्दाही ऐकायला हवा, कारण तो माझ्या वडिलांच्या पिढीचा आहे आणि त्या पिढीचे तोंडी हिशेब आपल्याहून पक्के होते. निमकी, पावकी, पाऊणकी, सवायकी, दिडकी, अडीचकी, औटकी हे सगळे पाढे त्यांनी अर्थ न विचारता घोकले आणि पुढे आयुष्यभर वापरले. मग आधी घोका, अर्थ नंतर येईल, यात चूक काय? चूक एवढीच की ते घोकणे अधांतरी नव्हते. सकाळी म्हटलेली पावकी संध्याकाळी वाण्याच्या दुकानात पावशेराच्या भावाला लागत होती. पाठांतराला रोजच्या वापराचा आधार होता. आजच्या मुलाने घोकलेला तिरकस गुणाकार परीक्षेबाहेर कुठे लागतो? म्हणून तो परीक्षेनंतर टिकत नाही, आणि टिकला तर भलत्याच ठिकाणी उगवतो. पुढे अपूर्णांकांचा गुणाकार आला की हीच मुले तिथेही तिरकस गुणतात. तीन अपूर्णांक मिळवायचे आले की बाण कुठून कुठे काढायचे कळत नाही. आणि एखादी पायरी विसरली तर आपण चुकलो आहोत हे ओळखायचे कोणतेही साधन त्यांच्याजवळ नसते. १/२ + १/४ हे अर्ध्याहून जास्तच यायला हवे, हे ज्याला आतून माहीत आहे तो पायरी विसरला तरी परत येऊ शकतो.

तरुण सहकाऱ्याच्या दशांशाच्या प्रश्नाला त्या दिवशी नीट उत्तर मिळाले नाही, म्हणून इथे देतो. १ एप्रिल १९५७ला रुपयाचे शंभर नवे पैसे झाले आणि त्यापाठोपाठ वजनेमापेही मेट्रिक झाली. हिशेब सोपे झाले, फसवणूक कमी झाली, आणि त्या बदलाविरुद्ध गळा काढण्यात अर्थ नाही. पण त्या दिवशी काही हातचे गेलेही. त्याआधी रुपयाचे सोळा आणे आणि आण्याच्या बारा पै होत, त्यामुळे रुपयाचा तिसरा हिस्सा म्हणजे बरोबर पाच आणे चार पै. आज तीन भावंडांत एक रुपया वाटा, तेहेतीस, तेहेतीस, तेहेतीस, आणि एक पैसा हातात उरतो. १/३ दशांशात मावत नाही. ही अडचण तात्त्विक वाटत असेल तर दहावीच्या विज्ञानातले लेन्सचे सूत्र घ्या. त्यात अंतरांचे व्यस्त मिळवावे आणि वजा करावे लागतात. नाभीय अंतर १० आणि वस्तूचे अंतर १५ सेंटिमीटर असेल तर १/१० वजा १/१५ म्हणजे ३/३० वजा २/३०, म्हणजे १/३०, आणि प्रतिमेचे अंतर ३० सेंटिमीटर. दशांशाने गेलात तर ०.१ वजा ०.०६७ म्हणजे ०.०३३, त्याचा व्यस्त घेतला की ३०.३. उत्तर बिघडले. आणि जिथे आकड्याऐवजी क्ष आहे तिथे मोबाइलवर दशांश करणार तरी कशाचा? १/क्ष आणि १/(क्ष + १) यांची बेरीज करताना अडखळणारी नववीतली मुले बीजगणितात अडखळत नसतात. ती पाचवीत अडखळलेली असतात आणि आपल्याला ते चार वर्षांनी दिसते. अमेरिका आणि ब्रिटनमधल्या मुलांच्या दीर्घकाळच्या नोंदींवरून २०१२ साली रॉबर्ट सीगलर आणि त्यांच्या सहकाऱ्यांनी दाखवले की दहाव्या वर्षी मुलाला अपूर्णांक आणि भागाकार किती कळतो, यावरून त्याच्या माध्यमिक शाळेतल्या गणिताचा अंदाज येतो. घरची परिस्थिती आणि बुद्ध्यंक हिशेबात धरूनही तो संबंध टिकला.

हा प्रश्न आपल्याच शाळांचा, मराठी माध्यमाचा किंवा सरकारी शिक्षकांचा आहे असे मानणाऱ्यांसाठीही एक नोंद आहे. १९७८च्या अमेरिकेच्या राष्ट्रीय चाचणीत तेरा वर्षांच्या मुलांना विचारले होते की १२/१३ + ७/८ हे अंदाजे किती? पर्याय होते १, २, १९ आणि २१. दोन्ही अपूर्णांक एकाच्या अगदी जवळ आहेत, त्यामुळे उत्तर दोन. ते फक्त २४ टक्के मुलांनी दिले. निम्म्याहून जास्त मुलांनी १९ किंवा २१ निवडले, म्हणजे कुणी अंश मिळवले, कुणी छेद. या प्रश्नात लसावि लागत नव्हता, तिरकस गुणाकारही लागत नव्हता. १२/१३ ही एक संख्या आहे आणि ती जवळजवळ एक आहे, एवढेच दिसायला हवे होते. पद्धतीच्या वादात नेमके हेच हरवते.

असा चुकीच्या जागी रंगलेला वाद महाराष्ट्राने याआधीही पाहिला आहे. २०१९च्या जूनमध्ये दुसरीच्या पाठ्यपुस्तकात एकवीस, बावीसच्या जोडीला 'वीस एक', 'वीस दोन' असे वाचन आले आणि राज्यभर गदारोळ झाला. मंगला नारळीकरांसारख्या गणिताच्या जाणकार त्यामागचे कारण समजावून सांगत होत्या. ते कारण न पटणे समजू शकते, त्याला चांगली उत्तरेही होती. पण चर्चा भाषेच्या अस्मितेवर आणि थट्टेवर गेली. सात वर्षांचे मूल त्रेपन्न ऐकून पस्तीस का लिहिते, हा मूळ प्रश्न बाजूला पडला. आमच्या परिषदेतही तेच झाले. लसावि हा एक झेंडा झाला, तिरकस हा दुसरा, आणि २/६ लिहिणारी मुलगी कोणाच्याच गणतीत राहिली नाही.

मग करायचे काय? मला सुचणारा बदल फार लहान आहे आणि त्याला शासननिर्णय लागत नाही. अपूर्णांक वाचायची पद्धत आधी बदलावी. आपण वर्गात 'तीन छेद चार' वाचतो. त्यात दोन संख्या ऐकू येतात आणि मधे एक भिंत. 'तीन चतुर्थांश' वाचले की एकच संख्या ऐकू येते, तीन, आणि कशाचे तीन तेही कळते. 'दोन सप्तमांश आणि तीन सप्तमांश' असे मोठ्याने वाचून घ्या. एकही मूल छेद मिळवायला जाणार नाही, जसे दोन आंबे आणि तीन आंबे म्हटल्यावर आंब्यात आंबा कोणी मिळवत नाही. मग 'एक तृतीयांश आणि एक चतुर्थांश' वाचून घ्या आणि थांबा. मुलेच विचारतील, दोन झाले, पण कशाचे? तो प्रश्न मुलांकडून येईपर्यंत फळ्यावर नियम लिहू नये. सहा-सात तासिका यात गेल्या तरी जाऊ द्याव्यात. कागदाची पट्टी घडी घालून तिचे तीन, चार, सहा, बारा भाग करावेत, रुपये-पैसे, तास-मिनिटे, एकर-गुंठे वापरावेत. त्यानंतर तिरकस गुणाकारही शिकवावा आणि लसाविही, आणि शिष्यवृत्तीच्या मुलांकडून घड्याळ लावून सरावही करून घ्यावा. अभ्यासक्रम मागे पडेल ही भीती मला कळते, मीही तारखांच्या त्याच तक्त्यावर चालतो. पण आज आपण हीच बेरीज पाचवीत, सहावीत आणि सातवीत दरवर्षी पहिल्यापासून शिकवतो. तो वेळ कोणत्या खात्यात मांडायचा?

परिषदेनंतरच्या सोमवारी मी फळ्यावर १/३ + १/४ लिहिले आणि पद्धत सांगितली नाही, फक्त वर 'एक तास' एवढे शब्द लिहिले. बराच वेळ वर्ग गप्प होता. मग मधल्या रांगेतल्या एका मुलीने वहीत घड्याळ काढले, वीस मिनिटे, पंधरा मिनिटे, आणि खाली लिहिले, पस्तीस मिनिटे, ३५/६०. तिच्या शेजारच्या मुलाने तेच घड्याळ पाहिले, पण त्याला मिनिटे दिसली नाहीत, आकड्यांमधली मोठी घरे दिसली. चार घरे आणि तीन घरे, सात घरे, ७/१२. दोघेही वह्या घेऊन टेबलाजवळ आले आणि कोणाचे बरोबर म्हणून विचारू लागले. मी दोन्ही वह्या शेजारी शेजारी ठेवल्या आणि तोच प्रश्न त्यांना परत विचारला.